चाचणीत सापडत नाहीत, मग पकडले जातात कसे?

डोपिंगवर या खेपेला भरपूर पत्रं आली. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. गोळ्यांचे डोस विचारणाऱ्यांना मात्र उत्तर मिळणार नाही, आणि ते का हे त्यांना ठाऊक आहे.

प्रश्न (नाशिक): मी हौशी सायकलस्वार आहे. लान्स आर्मस्ट्राँगच्या शेकडो चाचण्या झाल्या म्हणतात. तरीही तो सात वेळा टूर द फ्रान्स जिंकला. प्रयोगशाळा झोपल्या होत्या का?

जाग्या होत्या, पण हातात हत्यार नव्हतं. ईपीओ हे संप्रेरक आपल्या मूत्रपिंडात तयार होतं आणि अस्थिमज्जेकडून तांबड्या पेशी वाढवून घेतं. किडनीच्या रुग्णांचा रक्तक्षय भरून काढायला ते १९८०च्या दशकाअखेर औषध म्हणून बाजारात आलं आणि लगोलग सायकलपटूंच्या हाती लागलं. लघवीतून ते ओळखणारी चाचणी आली २००० साली, सिडनी ऑलिंपिकच्या वेळी. आर्मस्ट्राँगने पहिली टूर जिंकली १९९९मध्ये. त्या वर्षीच्या बाटल्यांत ईपीओ असलं काय नि नसलं काय, अहवाल कोराच येणार होता. पुढे २००५मध्ये ‘लेकीप’ या फ्रेंच दैनिकाने बातमी दिली की, संशोधनासाठी जपून ठेवलेल्या त्याच १९९९च्या नमुन्यांत, त्याच्या सहा बाटल्यांत ईपीओ निघालं. पण संशोधनातल्या निष्कर्षावर शिक्षा करता येत नव्हती.

चाचणी आल्यावर पद्धत बदलली. रात्री शिरेतून थोडंथोडं औषध घ्यायचं, म्हणजे सकाळी तपासनीस दार ठोठावेपर्यंत खूण पुसट होते. रक्त दाट झालं असेल तर सलाईन चढवून पातळ करायचं. १९९८च्या जागतिक स्पर्धेत तपासनीस आलेले असताना आर्मस्ट्राँगच्या टीमचा डॉक्टर रेनकोटाखाली सलाईनची पिशवी लपवून त्यांच्या समोरून खोलीत गेला, हे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे युसाडाच्या अहवालात नोंदलेलं आहे. ईपीओ सापडू लागल्यावर मंडळी पुन्हा जुन्या युक्तीकडे वळली. आपलंच रक्त आधी काढून ठेवायचं आणि शर्यतीत परत घ्यायचं. त्याचा तेव्हाचा सहकारी फ्लॉइड लँडिस याने सांगितलेला २००४च्या टूरमधला प्रसंग बघा. टप्पा संपवून परतताना बस एका सामसूम डोंगरी रस्त्यावर तासभर थांबली. ड्रायव्हर इंजिन बिघडल्याचं नाटक करत होता आणि आत खेळाडू आडवे पडून रक्ताच्या पिशव्या रिकाम्या करत होते.

मग आर्मस्ट्राँग सापडला कसा? माणसं बोलली म्हणून. टीमची मालीशवाली एमा ओ’रायली हिने १९९९च्या टूरबद्दल सांगितलं होतं. तिच्या सांगण्यानुसार दंडावरचा सुईचा डाग झाकायला त्याने तिच्याकडून मेकअप मागितला होता. चाचणीत कॉर्टिझोन हे स्टेरॉइड सापडल्यावर ते बैठकीच्या जागी आलेल्या फोडावरच्या मलमातलं आहे असं दाखवणारी डॉक्टरची मागच्या तारखेची चिठ्ठी बनवली गेली, तेव्हाही ती खोलीत होती. त्याबद्दल तिला काय मिळालं? वर्षानुवर्षं बदनामी. पुढे टीव्हीवरच्या कबुलीत ‘तिच्यावर दावा लावला होतास का’ असं विचारल्यावर आर्मस्ट्राँगचं उत्तर होतं की, आम्ही इतक्या जणांवर दावे लावले की आठवतही नाही, पण लावला असणार. माझ्या मते सगळ्या प्रकरणात चीड यावी अशी जागा ही आहे. सुई टोचणारे त्या काळात पुष्कळ होते. खरं बोलणाऱ्या बाईला वकिलांच्या फौजेने चिरडायला निघणारे थोडे.

२०१०मध्ये लँडिस फुटला. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये युसाडाने हजारावर पानांचा पुरावा मांडला. त्यात २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी होत्या आणि त्यांतले ११ त्याचेच जुने सहकारी होते. २२ ऑक्टोबरला सातही किताब गेले. त्या सात वर्षांसाठी दुसरा विजेता जाहीर झाला नाही. मागे उभे असलेल्यांत हात स्वच्छ असलेला शोधायचा कुठे?

प्रश्न (म्युनिक, मूळची सांगलीची): हल्ली टूर बघताना मुलगा विचारतो, ‘आई, हे खरे आहेत ना?’ काय सांगू? खेळ आता सुधारला का?

पूर्वीपेक्षा सुधारला, एवढं नक्की सांगा. २००८पासून सायकलिंगमध्ये ‘जैविक पासपोर्ट’ आहे. त्यात औषध शोधत नाहीत, खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं मोजत राहतात. हिमोग्लोबिन अचानक चढलं आणि नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी त्याच वेळी घटल्या, तर बाहेरून रक्त आल्याचा संशय घेता येतो. शिवाय रोज एक तास आपण कुठे सापडू हे खेळाडूला आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा हुकलं की बंदी.

पण पासपोर्टातही फटी आहेत, आणि त्याचा दाखला तुमच्या शहरातल्याच कोर्टात नोंदला गेला. २७ फेब्रुवारी २०१९ला ऑस्ट्रियातल्या सेफेल्डला जागतिक स्कीइंग स्पर्धा चालू असताना पोलिसांनी छापा टाकला. एक खेळाडू खोलीत रक्त चढवताना, दंडात सुई असतानाच सापडला. सूत्रधार निघाला जर्मनीतल्या एरफुर्टचा एक डॉक्टर. त्याच्या गिऱ्हाइकांत सायकलपटूही होते. जानेवारी २०२१मध्ये म्युनिकच्या कोर्टाने त्याला चार वर्षं दहा महिन्यांची शिक्षा दिली. याचा धागा कुठून मिळाला? आदल्याच महिन्यात जर्मन टीव्हीवर योहानेस ड्युर या ऑस्ट्रियन स्कीपटूने स्वतःची कहाणी सांगितली होती, तिथून.

बहुतेक मोठ्या प्रकरणांत हेच दिसतं. १९९८च्या टूरच्या तोंडावर फेस्टिना टीमचा मालीशवाला विली वोएट गाडीभर ईपीओ आणि ग्रोथ हार्मोनसह पकडला गेला तो फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर, कस्टमवाल्यांकडून. २००६मध्ये माद्रिदला खेळाडूंना रक्त चढवणाऱ्या डॉ. फुएन्तेसकडच्या टोपणनावं लिहिलेल्या रक्ताच्या पिशव्या जप्त केल्या स्पॅनिश पोलिसांनी. रशियाचा सोची ऑलिंपिकमधला नमुन्यांच्या बाटल्या बदलण्याचा उद्योग बाहेर आला तो मॉस्कोच्या प्रयोगशाळेचा प्रमुख रोद्चेन्कोव्ह देश सोडून बोलला तेव्हा.

टूर जिंकणाऱ्या स्लोव्हेनियाच्या पोगाचारबद्दल अनेकांनी विचारलं आहे. २०२४च्या टूरमध्ये प्लॅटो द बेयचा चढ त्याने इटलीच्या मार्को पांतानीच्या १९९८च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर संपवला, आणि पांतानीचा तो काळ ईपीओचा होता. दुसऱ्या बाजूला सायकल, कपडे, टायर सगळं बदललंय आणि शर्यतीतलं खाणं तर पार बदललंय. तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कर्बोदकं पचवायचा सराव आता खेळाडू करून येतात. तो चाचणीत कधी दोषी आढळलेला नाही. वेग हा पुरावा नव्हे आणि कोरा अहवाल हेही प्रमाणपत्र नव्हे. मी शर्यत बघतो, टाळ्या वाजवतो, भिंतीवर पोस्टर लावत नाही. मुलाला एवढं सांगितलंत तरी पुरे.

प्रश्न (औरंगाबाद): सायकलमध्ये मोटर लपवतात हे खरं की अफवा?

खरं. जानेवारी २०१६मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-अडथळ्यांतून चालणाऱ्या सायकल शर्यतीच्या, जागतिक स्पर्धेत, तेवीस वर्षांखालील महिलांच्या गटातल्या एका स्पर्धकाच्या सायकलीत सीटखालच्या नळीत मोटर सापडली. सहा वर्षांची बंदी झाली. आता चुंबकीय तपासणी होते, एक्स-रेही काढतात. मोठ्या स्पर्धांबद्दलच्या बाकीच्या गोष्टी कुजबुजीच आहेत.

प्रश्न (पुणे): सगळेच घेतात तर सगळ्यांना परवानगी देऊन टाका. निदान ढोंग तरी संपेल.

हा प्रयोग एका अर्थी होऊन गेला आहे. ईपीओ ओळखता येत नव्हतं तेव्हा, १९९७मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने नियम केला की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५० टक्क्यांवर गेलं तर खेळता येणार नाही. हेतू खेळाडूंचा जीव वाचवण्याचा होता. अर्थ मात्र असा घेतला गेला की पन्नासपर्यंत भरून घ्या.

आता हिशेब करा. एकाचं हिमॅटोक्रिट जन्मतः ४२, दुसऱ्याचं ४८. पहिल्याला आठ अंकांचा फायदा, दुसऱ्याला दोनाचा. म्हणजे समान संधी राहिलीच नाही. कुणाच्या शरीराला औषध जास्त मानवतं आणि कुणाचा डॉक्टर जास्त हुशार, याची ती शर्यत झाली. मर्यादेच्या काठावर खेळताना तोल जातोच. ५ जून १९९९ला जिरो द’इतालिया ही इटलीची मोठी शर्यत खिशात असताना मार्को पांतानीचं प्रमाण ५२ निघालं आणि त्याला घरी पाठवलं. त्यातून तो सावरला नाही. २००४मध्ये वयाच्या ३४व्या वर्षी रिमिनीच्या हॉटेलात कोकेनने त्याचा जीव घेतला.

आणि ढोंग संपणार नाही, फक्त रेघ पुढे सरकेल. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन १३ जुलै १९६७ला टूरमध्ये माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर सायकलवरून कोसळला तो परत उठलाच नाही. ऊन, पाण्याची कमतरता, पोटात दारू आणि अँफेटामीन. जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या मिळाल्या. थकवा ही शरीराची धोक्याची घंटा आहे आणि अँफेटामीन ती घंटाच बंद करतं. परवानगी द्या म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तिशीतला कमावता व्यावसायिक असतो. पूर्व जर्मनीत स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वं म्हणून दिल्या गेल्या त्या शाळकरी पोरींना. ‘परवानगी’ खाली कुठवर झिरपेल ते बघा आणि मग बोला.

प्रश्न (कोल्हापूर): नरसिंग यादवच्या जेवणात कुणीतरी मिसळलं असं आम्ही तालमीत अजून मानतो. पैलवानावर अन्याय झाला की नाही? आणि खुराकाबरोबर पावडर घेणाऱ्या पोरांनी काय काळजी घ्यावी?

तुमची भावना समजते. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला, मुंबईत वाढलेला मल्ल, ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर. जून २०१६च्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. जिममध्ये ज्याला ‘डी-बॉल’ म्हणतात तेच. नाडाने, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, घातपाताचं म्हणणं मान्य करून त्याला सोडलं, वाडाने, म्हणजे जागतिक संस्थेने, त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे अपील केलं आणि रिओत, कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी, चार वर्षांची बंदी आली. लवादाचं म्हणणं होतं की घातपात शक्य आहे, पण संभवनीय वाटत नाही आणि त्याला पुरावा नाही. तज्ज्ञाच्या मते नमुन्यातलं प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा गोळीशी जुळणारं होतं. नियम कडक आहे. तुमच्या अंगात सापडलं की जबाबदार तुम्ही, कुणी घातलं हे सिद्ध करायचं ओझंही तुमच्यावर. गरीब खेळाडूला ते झेपत नाही हे मलाही मान्य आहे, पण हा नियम काढला तर प्रत्येक जण आचाऱ्याकडे बोट दाखवेल.

आपल्याकडची परिस्थिती मात्र झाकून ठेवण्याजोगी नाही. वाडाच्या २०२३च्या आकड्यांत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकटाच धावपटू उभा राहिला. कनिष्ठ गटातली एक मुलगी तर शर्यत संपल्यावरही धावतच राहिली, तपासनीस मागे.

पोरांसाठी सांगायचं तर दूध, तूप, बदाम, थंडाई याने कुणावर बंदी आलेली नाही. पावडर घ्यायचीच असेल तर बॅचनिहाय तपासणी झालेलीच घ्या, बिल ठेवा आणि डब्यात थोडी शिल्लक असताना डबा बंद करून बाजूला ठेवा. उद्या प्रकरण उभं राहिलं तर लॉट नंबरासकट तोच एक पुरावा हातात असतो. वस्ताद म्हणाले म्हणून इंजेक्शन टोचून घेणाऱ्याला मात्र कुठलाच डबा वाचवणार नाही.

प्रश्न (ठाणे): मुलगा राज्य संघाच्या शिबिरात क्रिकेट खेळतो. खोकल्याच्या औषधानेही बंदी येते असं ऐकून झोप उडाली आहे. सर्दी झाली तर काय द्यायचं?

पृथ्वी शॉचं प्रकरण तुमच्या कानावर आलेलं दिसतं. फेब्रुवारी २०१९मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान दिलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं. ते खोकल्याच्या औषधातून आलं हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळाने मान्य केलं आणि आठ महिन्यांची बंदी घातली. जाहीर झाली जुलैअखेर, मोजली मार्चपासून आणि मधल्या काळात गडी अख्खी आयपीएल खेळून मोकळा! असे हिशेब आता जमत नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये मंडळ नाडाच्या कक्षेत आलं.

टर्ब्युटालिन श्वासनलिका मोकळी करतं आणि आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतं. तेव्हा मेडिकलमधून ‘खोकल्याचं द्या’ म्हणून बाटली आणू नका. घरातली जुनी, आजोबांसाठी आणलेली बाटली तर नकोच. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मुलाची उत्तेजक चाचणी होऊ शकते, आणि चिठ्ठीवर औषधातले घटक लिहून मागा. नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ ॲप आहे, त्यात नाव टाकून बघता येतं. मुलाला दमा असेल तर घाबरू नका. सालब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मात्रेत चालतो, आणि निषिद्ध औषध खरंच लागत असेल तर उपचारासाठी सूट मिळते. तिचा अर्ज मात्र औषध सुरू करण्याआधी करायचा. साध्या सर्दीला पॅरासिटामॉल, वाफ आणि मिठाच्या गुळण्या चालतील. तापात सराव करू देऊ नका, मग प्रशिक्षक काहीही म्हणोत.