शाळेच्या आवारातली झाडं वावधनात (वादळी वाऱ्यात) मुळासकट का पडली?

तुम्ही विचारलंय की सहा वर्षांपूर्वी शाळेत लावलेले गुलमोहर यंदा मेच्या वावधनात आडवे झाले, पण कुंपणाजवळ आपोआप उगवलेला कडुनिंब जागचा हलला नाही, असं का? गुलमोहराची मुळं उथळ असतात हे खरं, पण तेवढ्यानं सगळीच झाडं पडत नाहीत. यवतमाळकडे माझी रोपवाटिका आहे. माझ्या मते दोष लागवडीत आहे.

पडलेल्या झाडाच्या बुडाची माती खुरपीनं खरवडून बघा. मुळं बहुतेक पन्नीच्या, म्हणजे रोपाच्या प्लास्टिक पिशवीच्या, मापात गोल गुंडाळलेली दिसतील. रोप पन्नीत फार दिवस राहिलं की मुळं कडेला अडतात, गोल फिरतात आणि पुढे तशीच जाड होतात. वर डेरा (फांद्या-पानांचा पसारा) भरत जातो, झाड तगडं दिसतं, पण खाली त्याला धरून ठेवणारं लांब आडवं मूळ नसतं. कडुनिंबाची बी पडली तिथेच रुजली. तिच्या मुळांना कुणी अडवलं नाही.

दुसरं कारण खोली. दोन फुटांचा खड्डा खणून रोप तळाशी ठेवायचं आणि खोड वीतभर पुरायचं, ही सवय आपल्याकडे फार. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही, पुरलेली साल कुजते. खोड जमिनीपाशी थोडं फाकलेलं दिसायला हवं. खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर झाड खोल लागलंय.

या पावसाळ्यात लावताना पन्नी पूर्ण काढा. मातीच्या गोळ्याला तीन-चार उभे चिरे द्या, गोल फिरलेली मुळं छाटा. जीव होत नाही, पण छाटाच. खड्डा गोळ्याएवढाच खोल, रुंदीला मात्र दुप्पट-तिप्पट. काळ्या मातीत गोळा दोन बोटं वरच राहू द्या. ओल्यात खणलं की खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होतात, मुळं त्यात शिरत नाहीत. त्या कडा सब्बलीनं खरवडा. वरून सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) अंथरा, खोडाला लागू देऊ नका. बांबूला आवळून बांधू नका, वाऱ्यात डोललं तरच खोड भरतं. वर्षभरात बांबू काढून टाका.

शाळेतली उरलेली झाडं त्याच खेपेची असतील, तर पोरं त्यांच्याखाली डबे खायला बसण्याआधी प्रत्येकाचं बूड उकरून बघा. मुळांचा वेढा दिसला किंवा झाड हातानं ढकलून बुडाशी हललं, तर डेरा हलका करून घ्या.