रक्तदाब, रक्तप्रवाह आणि हॉर्मोनचे गोत्र

प्रश्न असा आहे: ‘सिक्रेटिन या आतड्यातील हॉर्मोनमुळे स्वादुपिंडाचा रक्तदाब वाढतो’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि हॉर्मोनला संप्रेरक म्हणावे की अंतःस्राव?

वाक्य चूक आहे. एखाद्या अवयवाला रक्त अधिक मिळू लागले की ‘रक्तदाब वाढला’ असे ठोकून देण्याची खोड आता छापील मजकुरातही शिरली आहे. जठरातील आम्लयुक्त अन्न लहान आतड्याच्या आरंभी पोहोचले की तेथील पेशी सिक्रेटिन सोडतात. ते रक्तावाटे स्वादुपिंडात जाते, तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांचा विरोध घटतो आणि पाचकरसासाठी लागणारे पाणी पुरवणारा रक्तप्रवाह वाढतो. त्यासाठी दाब वाढावा लागत नाही. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आतड्याच्या अस्तराचा आम्लात घोटलेला अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला, तेव्हा तर रक्तदाब आधी घसरला आणि मग स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. (दाब पाडणारा घटक सिक्रेटिनहून वेगळा आहे, हेही त्यांनीच दाखवले.)

आता खरी मौज. स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरात आणलेला ‘हॉर्मोन’ हा शब्द ‘चेतवणे’ या अर्थाच्या ‘होर्माओ’ या ग्रीक क्रियापदावरून घेतला, एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. त्यामागे ‘होर्मे’ हे नाम आहे; त्याचा अर्थ आवेग, मुसंडी. संस्कृतात शब्दारंभी जेथे ‘स’ टिकला, तेथे ग्रीकमध्ये स्वरापूर्वी ‘ह’ आला: सप्त आणि हेप्टा. त्या न्यायाने ‘होर्मे’ हे ऋग्वेदातील ‘सर्म’, म्हणजे वाहणे, याचे भावंड ठरते, आणि रक्ताचा ओघ वाढवणारे हॉर्मोन थेट सरितेच्या व प्रसाराच्या ‘सृ’ धातूच्या गोत्रात येऊन बसते! काही व्युत्पत्तिकार ते ‘ऋ’ धातूशी जोडतात. मग आरंभीचा ‘ह’ आला कोठून, याचा मला पटेल असा खुलासा त्यांच्याकडे नाही.

राहिला संप्रेरकाचा प्रश्न. सम्, प्र आणि ‘ईर्’, म्हणजे हलवणे, यांपासून तो शब्द बनला आहे. ‘समीर’ त्याचाच आप्त. ‘सृ’ आणि ‘स्राव’ ज्यापासून बनतो तो ‘स्रु’ या दोन वेगळ्या धातूंची गल्लत करून ‘अंतःस्राव’ हाच शब्द मुळाशी अधिक इमानदार आहे असे बजावणाऱ्या पंडितांनी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, पुन्हा उघडावा. स्राव हे ग्रंथीतून पाझरण्याचे नाव आहे. दूरच्या अवयवाला कामाला लावणाऱ्या द्रव्याला संप्रेरकच म्हणावे.