नाव सांग, मग बोलू

बेटा,

पुस्तिका मिळाली. संगीतकार इळयराजांच्या गाण्यांतल्या बास गिटारवर दोन पानं, जुन्या भुताच्या सिनेमांतल्या मेकअपवर तीन, तू काढलेली कॅसेटची कव्हरं आणि मागे आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाच्या पोस्टरची नक्कल. सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘काका, यातलं नेमकं काय ठेवू? लोकांना एका वेळी एकच काहीतरी लागतं म्हणतात. माझा प्रेक्षक कोण, तेच कळत नाही.’

चित्रं चांगली आहेत हे तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. मला एवढंच सांग, ही पुस्तिका कोणासाठी केलीस? ‘संगीतप्रेमींसाठी’ असलं उत्तर नको. नाव सांग. राहतो कुठे, चहात साखर किती घेतो, कोणतं गाणं लागलं की उठून रेडिओ बंद करतो, ते सांग.

आम्ही मित्रांसाठी कॅसेटी भरायचो. साठ मिनिटांच्या टेपला एका बाजूला तीस मिनिटं. गाणं साडेतीन मिनिटांचं धरलं तर आठ बसतात, नववं अर्ध्यात तुटतं. कोणतं गाळायचं यावर रात्र जायची. माझा एक दोस्त बल्लारपूरला नोकरीला होता. त्याला सतार सोसायची नाही आणि कव्वाली लागली की समोरचं ताट विसरायचा. मग दुसरी बाजू कव्वालीनंच सुरू व्हायची, सतारीचे लांब तुकडे असलेलं गाणं कितीही लाडकं असलं तरी बाहेर. भरून झालं की कॅसेटच्या मागच्या कडेची दोन प्लास्टिकची टोकं पेचकसानं तोडायची, म्हणजे रेकॉर्डचं बटण दबत नाही. या पठ्ठ्यानं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि माझ्या कव्वालीवर स्वतःच्या पोरीचं रडणं भरलं! बरेच दिवस बोललो नाही त्याच्याशी. पण गाणी निवडताना मला कधी प्रश्न पडला नाही, कारण माणूस समोर होता.

तू नागपूरची, तुला मारबत काय समजावून सांगू? मिरवणुकीतल्या त्या दोन मोठ्या पुतळ्यांपैकी काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पण या वेळी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्यांकडे, त्यांच्यासोबत निघणाऱ्या टोमण्यांच्या पुतळ्यांकडे, नीट बघ. बांबूचा सांगाडा, त्यावर रद्दी, जुनं कापड, रंग, आणि गळ्यात पाटी. त्या वर्षी ज्याचा राग आला, त्याच्यावर ती पाटी. महागाई असेल, रस्त्यातले खड्डे असतील, नाहीतर एखादा पुढारी. करणाऱ्या पोट्ट्यांना पक्कं माहीत असतं, इतवारीतल्या कोणत्या ओट्यावर कोण उभा राहून ती वाचणार आणि कोणाला झोंबणार. दिवस मावळेपर्यंत बडग्या जळालेला असतो, तरी पुढच्या वर्षी पुन्हा बांबू आणतातच.

आणि ज्या झाडीपट्टीचं पोस्टर तू उतरवलंस, तिथं तरी दुसरं काय आहे? धान घरात आलं की वडशाकडच्या मंडळ्या रात्र रात्र नाटकं करतात. समोर गाव बसलेलं, पाव्हणे खास नाटकासाठी आलेले. तिथलेच नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावची माणसं त्यांना ओळखत होती. दिल्लीला मागाहून कळलं.

आता तू म्हणशील, काकांनी स्वतः कुठे काही छापलं नाही, म्हणून असं बोलतात. घरातही हेच म्हणतात. घाबरत नव्हतो, बेटा. एकदा सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर मोठा लेख लिहून एका मासिकाला दिला होता. ‘सर्वसामान्य वाचकाला रुचेल असा करून द्या,’ असं उत्तर आलं. बाप्पा! हा सर्वसामान्य वाचक मला बर्डीपासून महालपर्यंत कुठे भेटला नाही, तर त्याला रुचेल असं लिहू कसं? लेख परत घेतला आणि ते बरोबरच केलं. बोचतं ते वेगळंच. तो लेख खरं तर एका रेकॉर्डवाल्या म्हाताऱ्यासाठी होता, ज्याच्या दुकानात उभं राहून मी ऐकायला शिकलो. दुकान बंद झालं, तो गावी गेला, लेख माझ्या कपाटात राहिला. म्हणून तुझ्या मागे लागलोय. नाव सांग.

काय ठेवायचं हे नाव ठरल्यावर विचारावं लागणार नाही. तुझी बास वाजवणारी मैत्रीण असेल, तर मेकअपची तिन्ही पानं काढ, आणि कोणत्या अंतऱ्यात कान कुठे लावायचा ते लिही. भुताच्या सिनेमाला तुला चोरून नेणारी मामी असेल, तर इळयराजा बाहेर. दोघींसाठी दोन पुस्तिका कर, झेरॉक्सला असे किती पैसे लागतात? पण दोघींना मिळून एक करू नको, ती दोघींनाही परकी वाटेल.

आणखी एक. तुझं सहावं पान उलटं लागलंय. एका कागदाची आठ पानं करताना वरची ओळ उलटीच छापावी लागते. आधी कोऱ्या कागदाची घडी घाल, मधे काप दे, पुस्तिका करून पानांवर पेन्सिलीनं आकडे टाक आणि मग कागद उघडून बघ. दर वेळी अंदाजानं काहून करतेस?

पुढची प्रत मला पाठवू नको. जिच्यासाठी केलीस तिला दे, आणि ती कोणत्या पानावर थांबली ते कळव. त्या पत्रात ‘लोकांना’ असं पुन्हा दिसलं, तर मी पुढे वाचणार नाही.

तुझा,
काका