हाफ-एल्फ, सेंटॉर, मिनोटॉर: ‘संकरित’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पात्रं घेऊन फाशांनी खेळायचा कल्पित साहसांचा खेळ) मराठीतून खेळण्यासाठी कॅरेक्टर शीट (पात्राचा तपशील लिहायचा कागद) आणि नियमांचा सारांश मराठीत करतो आहोत. हाफ-एल्फ (एल्फ ही परीकथांतली माणसासारखी जमात), सेंटॉर (वर माणूस, खाली घोडा), मिनोटॉर (डोकं बैलाचं, देह माणसाचा), वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) अशा सगळ्या पात्रांना मिळून एकच शब्द हवा. ‘संकरित’ चालेल का?

माझ्या मते नाही. आधी कानाचं बघू. ‘संकरित’ म्हटलं की मराठी माणसाला बियाण्याची पिशवी दिसते, नाहीतर जर्सीची कालवड. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि नंतर गावोगाव ‘हायब्रीड’ हेच तिचं नाव पडलं. ‘हायब्रीडची पोरं’ हा टोमणाही त्याच शेतातला. नुसतं ‘संकर’ म्हणावं तर त्यामागून ‘वर्णसंकर’ येतो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन त्याची भीती घालतो, आणि त्या शब्दाचा पुढचा जातीय इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. चार मित्र फासे घेऊन बसलेत, तिथे हे ओझं कशाला?

पण खरी अडचण नियमांची आहे. यादीतली पात्रं एका प्रकारची नाहीतच. हाफ-एल्फचे आईवडील दोन वेगळ्या वंशांचे असतात. सेंटॉरचे आईवडील मात्र दोघेही सेंटॉरच. तो कुणाचा संकर नाही, त्याची घडण जोड आहे इतकंच. वेअरवुल्फ तर एरवी सरळ माणूस असतो, रूप तेवढं बदलतो. तिघांना एका शब्दात कोंबलं की नवा खेळाडू हमखास विचारतो, ‘मग माझ्या सेंटॉरची आई घोडी का?’ म्हणून तीन शब्द घ्या: मिश्रवंशी, जोडदेही, रूपपालटे. ‘जोडदेही’ मी इथे जुळवला आहे, कोशात शोधू नका.

आता सेंटॉर. ‘किन्नर’ हा शब्द सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच चुकतो. अमरकोशात किन्नराला ‘तुरङ्गवदन’ म्हटलं आहे. म्हणजे तोंड घोड्याचं, बाकी देह माणसाचा, सेंटॉरच्या अगदी उलट. हा फरक केवळ चित्रापुरता नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत सेंटॉरचे बहुतेक नियम त्याच्या चार पायांवर उभे आहेत. एका पाळीतली चाल ३० ऐवजी ४० फूट. शत्रूच्या दिशेने सरळ रेषेत ३० फूट (पाच फुटी चौकटींच्या नकाशावर सहा घरं) धावून शस्त्राचा वार लागला, तर बोनस ॲक्शनने (त्याच पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) खुरांचा फटकाही देता येतो. वीस बाय वीसच्या खोलीत ही धाव बसत नाही, हे खेळाडूच्या लक्षात येतं तेव्हा लढाई सुरू झालेली असते. चढाईत तर फजितीच. हातापायांनी चढायचं असेल तिथे इतरांना प्रत्येक फुटाला एक फूट जास्तीची चाल लागते, सेंटॉरला चार फूट. दहा फुटांच्या शिडीला पन्नास फूट चाल खर्च होते, म्हणजे ‘डॅश’ (वार सोडून जादा धावण्याची कृती) घेतल्याशिवाय एका पाळीत तो वर पोचत नाही. घोड्याचं तोंड असलेल्या दोन पायांच्या किन्नराला यातलं काही लागू करायचं कारण नाही. शिवाय हिंदीच्या वाटेने ‘किन्नर’ आता तृतीयपंथी व्यक्तींसाठी रुळला आहे. तेव्हा तो बाजूलाच ठेवा.

चांगला शब्द मराठीत तयार आहे, फक्त तो आकाशात आहे. सेंटॉरस तारकासमूहाला आपल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकांत ‘नरतुरंग’ म्हणतात. मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिजालगत दिसणारा ‘मित्र’ तारा त्यातलाच. शब्दाचा क्रमही देहाचा: वर नर, खाली तुरंग. काहींना ‘अश्वमानव’ आवडतो. त्याची खोच अशी की ‘मानव’ ऐकून डीएम (खेळ चालवणारा) त्याला ह्युमनॉइड (माणसासारख्या जीवांचा खेळातला प्रकार) धरून बसतो. खेळात सेंटॉरचा प्रकार ‘फे’ (परीलोकातला जीव) आहे, त्यामुळे फक्त ह्युमनॉइडांना बांधणारा ‘होल्ड पर्सन’ मंत्र त्याच्यावर चालत नाही. ‘नरतुरंग’मध्येही नर आहेच, पण तो शब्द अखंड नावासारखा ऐकू येतो, त्यामुळे घोटाळा कमी होतो.

‘नर’ ऐकून नर-मादी आठवते, मग स्त्री पात्राचं काय, अशी शंका येईल. ‘नरतुरंगी’ करू नका, ते गाण्यातल्या रागाचं नाव वाटतं. ‘वकील’ आणि ‘डॉक्टर’ जसे दोन्हीकडे चालतात तसं चालवा: ‘तो नरतुरंग धावला’, ‘ती नरतुरंग धावली’. लिंग क्रियापद सांभाळतं.

आणखी एक वाद प्रत्येक टोळक्यात होतो: नरतुरंगाच्या पाठीवर सोबत्यांना बसता येतं का? ओझं वाहण्याच्या हिशोबात तो एक आकार मोठा धरतात. म्हणजे ताकद १६ असेल तर १६ गुणिले १५ मिळून २४० पौंड होतात, त्याचे दुप्पट ४८०. त्या हिशोबाने माणूस सहज पेलेल. पण स्वारीचा नियम वेगळा आहे. वाहन स्वारापेक्षा एक आकार मोठं हवं, आणि नरतुरंगाचा खरा आकार ‘मीडियम’च. म्हणून हाफलिंग किंवा नोम (दोन्ही बुटक्या, ‘स्मॉल’ आकाराच्या जमाती) बसेल, माणूस नाही. सारांशात ‘मोठ्या आकाराचा धरावा’ एवढंच मोघम लिहिलंत तर हा नियम मोडलाच म्हणून समजा. ‘ओझ्यापुरता’ हा शब्द गाळू नका.

ज्यांचं फक्त डोकं प्राण्याचं, त्यांच्यासाठी आपल्याकडे ‘-मुख’ची जुनी सोय आहे: गजमुख, अश्वमुख. समास बहुव्रीही, ‘हत्तीचं मुख आहे ज्याला तो’. त्याच चालीवर मिनोटॉर वृषमुख, लिओनिन सिंहमुख. मिनोटॉरला ‘महिषासुर’ म्हणण्याचा मोह टाळा: महिष म्हणजे रेडा, आणि तो एका व्यक्तीचा निर्देश आहे, जमातीचा नाही. ‘नरसिंह’ तर नकोच, टेबलावरच्या एखाद्याचं ते कुलदैवत असतं. शरभ आणि गंडभेरुंड मात्र बिनधास्त वापरा, पण पात्रांसाठी नव्हे, न बोलणाऱ्या श्वापदांसाठी. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर ते कोरलेले आहेत, तेव्हा चित्रकाराला नमुना शोधत फिरावं लागणार नाही.

आता ‘हाफ-’. ‘अर्धा एल्फ’ लिहिलं की अर्धा किलो आठवतो, आणि ‘अर्धवट’ तर उंबऱ्यावरच उभा असतो. ‘अर्ध-एल्फ’ असं जोडरेघेने लिहिलेलं चालतं. पण आपली जुनी पद्धत वेगळी आहे. घटोत्कचाची आई राक्षसी, बाप माणूस, तरी महाभारत त्याला अर्धराक्षस म्हणत नाही. त्याची ओळख राक्षस म्हणूनच, आणि नावं आईबापांवरून: हैडिंब, भैमसेनी. शीटवर ‘मिश्रवंशी: आई एल्फ, वडील माणूस’ लिहिलं तर कथेला धागाही मिळतो.

इंग्रजी नियमपुस्तकांतही हा ‘हाफ’ आता मागे पडतो आहे. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात असलेले हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क (ऑर्क ही राकट, लढाऊ जमात) २०२४ च्या हँडबुकातून गेले. ‘पाथफाइंडर’ या तशाच दुसऱ्या खेळाने २०२३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांना नवी नावं दिली, हाफ-ऑर्क तिथे ‘ड्रोमार’ झाला. तुमचं टेबल २०१४ चे नियम वापरत असेल तर हाफ-एल्फचं गणित तेच राहतं: करिष्मा +२, इतर दोन गुणांना +१, दोन जादा कौशल्यं, ६० फूट डार्कव्हिजन (अंधारात दिसणं). २०२४ मध्ये ‘रेस’च्या जागी ‘स्पीशीज’ आलं. त्याचं ‘प्रजाती’ हे भाषांतर कोशाला धरून असलं, तरी शीटवर मी ‘वंश’च ठेवीन. ‘जात’ चुकूनही नको.

रूपपालट्यांचं थोडक्यात. ‘कामरूपी’ किंवा ‘इच्छाधारी’ म्हणजे मनात येईल तेव्हा रूप घेणारा. बोनस ॲक्शनने मिनिटभर अंगातलं जनावर जागवणाऱ्या ‘शिफ्टर’ला तो शोभतो. शाप बाधलेल्या वेअरवुल्फचं रूप त्याच्या हाती नसतं, म्हणून तो ‘वृकमानव’. त्याला इच्छाधारी म्हटलंत तर खेळाडू पौर्णिमेलाही ‘आज इच्छा नाही’ म्हणेल, आणि शब्दाकडे बघता त्याचंच बरोबर ठरेल.