हेझल मॅकॅलियन ३६ वर्षं महापौर कशा राहिल्या?

तुमचा प्रश्न असा, की कॅनडातल्या मिसिसॉगा शहरात हेझल मॅकॅलियन इतकी वर्षं महापौर होत्या, तर पक्षानं मध्येच दुसऱ्याला संधी कशी दिली नाही? मुळात तिथं पक्षच नसतो. ऑन्टारिओत, म्हणजे मिसिसॉगाच्या प्रांतात, पालिकेच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं आणि महापौर थेट मतदार निवडतात. महाराष्ट्रातल्या महापालिकांसारखं नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडायचं, हा प्रकार नाही. कितीदा उभं राहावं यालाही बंधन नाही. त्या १९७८ साली निवडून आल्या आणि २०१४ मध्ये, ९३व्या वर्षी, स्वतःहून थांबल्या.

त्याआधी त्या शेजारच्या स्ट्रीट्सव्हिल या छोट्या गावच्या महापौर होत्या. गाव मिसिसॉगात विलीन होऊ नये म्हणून त्या झगडल्या, पण १९७४ साली ते झालंच.

लोकांच्या मनात त्या बसल्या १९७९ मध्ये. १० नोव्हेंबरला, मध्यरात्रीच्या सुमारास, मेव्हिस रोडजवळ मालगाडी घसरली. वंगण नसल्यानं तापून एका डब्याची चाकं निखळली होती. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले, क्लोरीनच्या टाकीला भोक पडलं. दोन लाखांहून जास्त माणसं घराबाहेर काढली, रुग्णालयसुद्धा रिकामं केलं. या धावपळीत बाईंचा पाय मुरगळला. तशाच लंगडत त्या पत्रकारांसमोर येत राहिल्या. एकही जीव गेला नाही. असं संकट निभावलेल्या माणसाला लोक विसरत नाहीत.

तरी माझ्या मते खरं कारण पैशात आहे. शेतजमिनीवर भराभर घरं उठत होती आणि बिल्डरांकडून विकासशुल्क घेऊन शहर उभं राहत होतं. त्यामुळे मालमत्ता कर आटोक्यात आणि डोक्यावर कर्ज नाही. २००६ साली त्यांना ९१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, तीही प्रचाराशिवाय! मोकळी जमीन संपत आली तसा हा ओघ आटला. मागे राहिल्या त्या गाडीशिवाय दूधही आणता येत नाही अशा लांबलचक वस्त्या. त्यांचे रस्ते आणि गटारं दुरुस्त करण्याचा खर्च पुढच्या करदात्यांवर आला. याचा हिशोब त्यांच्या कौतुकात क्वचितच मांडला जातो, याचं मला वाईट वाटतं.

आणि मुलाचं हित गुंतलेल्या हॉटेल प्रकल्पासाठी त्यांनी जोर लावला, ते प्रकरण वगळू नका. २०११च्या चौकशी अहवालात न्यायमूर्ती कनिंगहॅम यांनी हितसंबंधांचा संघर्ष झाल्याचं स्पष्ट म्हटलं. मॅकॅलियन यांना पदावरून काढण्याची मागणी मात्र न्यायालयानं २०१३ मध्ये फेटाळली. जानेवारी २०२३ मध्ये, १०१व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा भरभरून लेख आले. तुम्ही आधी तो अहवाल वाचा, मग ते लेख.