गराज पंकचा पहिला अल्बम व्हायनिलवर काढताय?

चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलंय म्हणून बिचकू नका. टेपची खरखर तबकडीवर छान बसते. गोची होते ती झांजांची आणि ‘स’, ‘श’ची. हे टोकदार आवाज खाचेत नीट कापले जात नाहीत, सुई तिथे फरफटते. मिक्समध्येच झांजा खाली घ्या, गायकाच्या ट्रॅकवर डी-एसर (‘स’, ‘श’ची धार कमी करणारं साधन) लावा. मास्टरिंगवर (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) सोडलंत तर ‘स’बरोबर गिटारही दबते.

सुरुवातीला एवढंच बघा:

- १२ इंची, ३३⅓ची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) तबकडी असेल तर एका बाजूला १८ मिनिटांच्या आसपास. त्याहून फार ताणलंत की खाचा दाटीने बसवाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो.
- बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मधोमध, मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये सारखे.
- सगळ्यात कर्कश गाणं बाजूच्या शेवटी नको. आत जाता जाता सुईखालून खाच हळू सरकते, वरचे सूर फाटतात. शेवटी संथ गाणं टाका (पंकवाल्यांकडेही एखादं असतंच).

नवखे हमखास लिमिटरने (आवाजाची टोकं दाबून सगळं मोठं करणारं साधन) चेपलेली फाइल पाठवतात. त्याने तबकडी मोठ्याने वाजत नाही, खाच कापणारा तंत्रज्ञ उलट लेव्हल खाली आणतो.

आणि टेस्ट प्रेसिंग (तपासायला आधी काढलेल्या मोजक्या प्रती) न ऐकता पास करू नका! दोन वेगळ्या प्लेयरवर पूर्ण ऐका. दर १.८ सेकंदांनी, म्हणजे फेरीगणिक, टिकटिक येतेय? सगळ्या प्रतींवर त्याच जागी आली तर दोष साच्यात किंवा त्याच्याही आधीचा. एकीवरच आली तर त्या प्रतीपुरता.

रंगीत व्हायनिल, गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं) कव्हर वगैरे दुसऱ्या अल्बमला.