घरमालकाला विचारलेस का?

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लेस्टरच्या साप्ताहिकात तुला बातमीदाराची जागा मिळाल्याचे पत्र आणि सोबत पाठवलेला तुझ्या पहिल्या मोठ्या बातमीचा मसुदा, दोन्ही आज सकाळी चहा निवेपर्यंत वाचत बसलो होतो. ओल आलेल्या भिंती, रात्रभर खोकणारे मूल, तीनदा तक्रार करूनही न आलेला दुरुस्तीचा माणूस आणि भाडे मात्र दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता वसूल करणारा घरमालक. ही बातमी छापली गेलीच पाहिजे, आणि ती तू शोधून काढलीस याचा मला अभिमान वाटतो. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, अब्रुनुकसानीच्या दाव्यापासून स्वतःला वाचवावे कसे. माझी तीस वर्षे लंडनच्या एका दैनिकात रात्रपाळीला बसून छपाईला जाणारी कॉपी कायद्याच्या नजरेने वाचण्यात गेली. म्हणून जे शिकलो ते तुझ्याच मसुद्यावर बोट ठेवून सांगतो.

पहिली गोष्ट सिद्धतेच्या भाराची. घरमालक न्यायालयात गेला, तर आपण भले गृहस्थ आहोत हे त्याला सिद्ध करावे लागत नाही. तू लिहिलेले मूलतः खरे आहे, हे तुझ्या वृत्तपत्राला पुराव्यानिशी दाखवावे लागते. 2013 चा अब्रुनुकसानीचा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, तेव्हापासून वादीला एक मोठा उंबरठा ओलांडावा लागतो: आपल्या लौकिकाला गंभीर हानी पोचली आहे किंवा पोचण्याची शक्यता आहे, हे त्याने दाखवायचे असते. नुसते शब्द जहरी आहेत एवढ्याने भागत नाही, त्यांचा प्रत्यक्ष परिणाम पाहावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये लाशो खटल्यात स्पष्ट केले. तुझा घरमालक कंपनीच्या नावाने धंदा करतो असे दिसते. तसे असेल आणि कंपनीच वादी झाली, तर तिला गंभीर आर्थिक नुकसान दाखवावे लागेल. दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्षाची असते. (हे सगळे इंग्लंड आणि वेल्सपुरते. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, उत्तर आयर्लंडचाही वेगळा, आणि तुझ्या बातम्या तिकडेही वाचल्या जातात.)

आता मसुद्याचे पहिलेच वाक्य काढ. तिथे तू जो इंग्रजी शब्द वापरला आहेस, त्याचा अर्थ सामान्य वाचक 'घरमालकाने भाडेकरूंची फसवणूक केली' असा घेईल. न्यायालय तुझ्या मनात काय होते ते विचारत नाही. समंजस, फार संशयी नाही आणि फार भोळाही नाही अशा वाचकाला त्या शब्दांतून कोणता एक अर्थ लागेल, ते न्यायाधीश ठरवतात आणि तोच अर्थ तुला सिद्ध करावा लागतो. इथले वकील अशा अर्थांच्या तीन पायऱ्या मानतात: त्याने हे केले, त्याने केले असावे असे मानायला सबळ कारण आहे, आणि चौकशी करण्याजोगे काहीतरी आहे. तुझ्या हाती आज काय आहे? तीन ई-मेल, सहा छायाचित्रे आणि दोन कुटुंबांचे सांगणे. त्यातून त्याने दुरुस्तीकडे दुर्लक्ष केले हे सिद्ध होते. फसवणूक सिद्ध होत नाही, कारण फसवणुकीत हेतू आला आणि हेतूचा एकही कागद तुझ्याजवळ नाही. तेव्हा पहिली पायरी धरायची असेल तर ती दुर्लक्षाच्या आरोपापुरतीच धर, आणि ते ठणकावून लिही.

शब्दांच्या आधी 'कथित' किंवा 'असे रहिवासी म्हणतात' असे जोडले की आपण सुटलो, ही समजूत मी पुण्या-मुंबईच्या मुलांमध्ये पाहिली आणि इथल्या मुलांमध्येही पाहिली. दुसऱ्याचा आरोप तू पुन्हा छापलास, तर कायद्याच्या दृष्टीने तो तूच केलास. खुल्या न्यायालयात झालेल्या कामकाजाच्या अचूक, निःपक्षपाती आणि तत्काळ दिलेल्या वृत्ताला यातून संरक्षण आहे. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या गोष्टीला ते नाही. सूचकपणे लिहिल्यानेही भागत नाही. 2012 च्या नोव्हेंबरात बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमाने नाव न घेता एका ज्येष्ठ राजकारण्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाचा आरोप प्रसारित केला. समाजमाध्यमांवर लॉर्ड मॅकअल्पाइन यांचे नाव फिरू लागले, आणि एका ट्विटमध्ये फक्त एवढेच विचारले गेले की त्यांचे नाव इतके चर्चेत का आहे, पुढे निरागस चेहऱ्याचा उल्लेख. त्या एका ओळीलाही उच्च न्यायालयाने 2013 मध्ये बदनामीकारक ठरवले.

त्या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग ट्विटच्या आधी घडला होता. आरोप करणाऱ्या माणसाला प्रसारणापूर्वी लॉर्ड मॅकअल्पाइन यांचे छायाचित्र दाखवले गेले नव्हते. नंतर ते पाहिल्यावर त्याने ओळखण्यात चूक झाली असे सांगून माफी मागितली. आणि ज्याच्यावर आरोप होता, त्याला कोणी फोन केला नव्हता. एक छायाचित्र आणि एक फोन. बीबीसीने 1,85,000 पौंड दिले आणि महासंचालक जॉर्ज एन्टविसल यांना पदावर आल्यापासून अवघ्या 54 दिवसांत राजीनामा द्यावा लागला.

म्हणून माझा तुला मुख्य प्रश्न एकच आहे: घरमालकाला विचारलेस का? मसुद्यात त्याची बाजू कुठेच नाही. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य तू शेवटी घातले आहेस, पण पत्रात तूच लिहितेस की शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला कचेरीचा फोन वाजवून पाहिलास. बंद कचेरीचा फोन वाजवणे म्हणजे विचारणे नव्हे. प्रत्येक आरोप वेगळा लिहून, तारखांसह, त्याला ई-मेल पाठव. उत्तरासाठी निदान दोन कामाचे दिवस दे. आणि जे उत्तर येईल त्यातला गाभा बातमीत वरच्या भागात छाप. सार्वजनिक हिताच्या बातमीसाठी 2013 च्या कायद्याच्या चौथ्या कलमात एक बचाव आहे. एखादा तपशील खरा ठरवता आला नाही तरी, विषय सार्वजनिक हिताचा होता आणि छापणे त्या हिताचे आहे असे आपण वाजवी कारणांवरून मानले होते, हे दाखवता आले तर तो बचाव मिळतो. हा विचार 1999 च्या रेनॉल्ड्स खटल्यातून वाढत आला. पण तिथे न्यायालय तुझी वही उघडून पाहते. केव्हा कोणाला फोन केलास, काय विचारलेस, कोणती शंका आली आणि ती कशी फेडलीस, हे त्या दिवशीच्या शाईत लिहिलेले असले पाहिजे. शॉर्टहँड शिकायचा कंटाळा करू नकोस, आणि वही वर्ष उलटले म्हणून फेकू नकोस.

तू पुण्याची, म्हणून घरातलीच गोष्ट आठवण करून देतो. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी छत्रपतींविरुद्ध कट केल्याचे दाखवणारी पत्रे हाती आली, आणि 'केसरी' व 'मराठा' यांनी त्यांच्या आधारे लिहिले. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी 1882 मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी आजही कोणी शंका घेत नाही; कागद मात्र तपासले गेले नव्हते. पुढे हेच टिळक ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावून लंडनला आले, आणि 1919 मध्ये न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर ज्यूरीने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. या कायद्याच्या दोन्ही बाजूंना एकच मराठी संपादक उभा राहिला आणि दोन्हीकडे त्याला किंमत मोजावी लागली. भारतात बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंडने तो 2010 मध्ये रद्द केला. इथे तुला तुरुंगाची भीती नाही. भीती आहे ती खर्चाची, कारण नुकसानभरपाईपेक्षा वकिलांचे बिलच अनेकदा मोठे असते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो. दैनिकात येण्याआधी मी मध्य इंग्लंडमधल्या एका छोट्या साप्ताहिकात होतो. स्थानिक न्यायालयात एका माणसाला चोरीबद्दल दंड झाला आणि मी त्याचे नाव व रस्ता लिहिला, पण वय आणि घरक्रमांक लिहायचा राहिला. मंगळवारी एक बाई पावसात भिजत कचेरीत आल्या. त्यांनी पाकिटातून चार घड्या घातलेले कात्रण काढले, काउंटरवर ठेवून तळहाताने सरळ केले आणि म्हणाल्या, 'हे माझे यजमान नाहीत.' त्याच रस्त्यावर त्याच नावाचा दुसरा माणूस राहत होता. त्यांना पैसे नको होते. मुलांच्या शाळेत कळावे, एवढेच हवे होते. आमची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, जाहिरातीला खेटून चार ओळींत आली. मूळ बातमी पहिल्या पानावर होती. ते कात्रण सरळ करणारा हात मी अजून विसरलेलो नाही.

त्या बाईंच्या यजमानांना दावा लावता आला असता. ज्यांना तोही लावता येत नाही त्यांचे काय, हे मला तुझ्याशी सगळ्यांत जास्त बोलायचे आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्या बळींची संख्या आज 97 आहे. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर 'सत्य' असा अर्थ असलेल्या मथळ्याखाली छापले की, लिव्हरपूलच्या काही प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांना मारले. ही माहिती एका वृत्तसंस्थेमार्फत आली होती, पोलीस अधिकारी आणि एक खासदार यांच्या सांगण्यावरून. इतर वृत्तपत्रांकडेही ती पोचली होती, पण 'सत्य' हा शब्द त्यांनी माथ्यावर लावला नाही. आरोप खोटे होते. 2012 च्या स्वतंत्र समितीच्या अहवालाने ते पुरते उघडे पाडले आणि 2016 मध्ये मृत्यू-चौकशीच्या ज्यूरीने बळींचे मृत्यू बेकायदा ठरवले. आता विचार कर: मृतांच्या अब्रूसाठी इंग्लंडमध्ये दावा लावता येत नाही, आणि 'लिव्हरपूलचे प्रेक्षक' हा गट इतका मोठा की त्यातल्या कोणा एकाला हे माझ्याविषयी लिहिले असे म्हणता येत नाही. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या इतिहासातल्या अत्यंत क्रूर अशा त्या पानावर अब्रुनुकसानीचा खटला उभाच राहू शकत नव्हता. मर्सीसाइडमध्ये लोक आजही ते वृत्तपत्र विकत घेत नाहीत, ते याचसाठी.

कायदा जिथे पोचत नाही तिथे नियामक संस्थेने पोचावे, अशी अपेक्षा असते. 1953 ची प्रेस कौन्सिल, तिच्या जागी 1991 मध्ये आलेले तक्रार आयोग, मग फोन हॅकिंग उघड झाल्यावर 2011 मध्ये बंद पडलेले 'न्यूज ऑफ द वर्ल्ड', वृत्तपत्रांच्या वर्तनाची लेव्हसन चौकशी आणि तिचा नोव्हेंबर 2012 चा अहवाल, हा इतिहास तुला अभ्यासक्रमात शिकवला असेल. आज बहुतेक मोठी वृत्तपत्रे 2014 मध्ये सुरू झालेल्या इप्सो या नियामक संस्थेत आहेत. 'गार्डियन' आणि 'फायनान्शियल टाइम्स' तिच्या बाहेर राहून आपली व्यवस्था आपण करतात. राजसनदेखाली मान्यता घेतलेल्या इम्प्रेस या दुसऱ्या नियामक संस्थेचे सदस्य बहुतांशी लहान प्रकाशने आहेत. इप्सोला दहा लाख पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे, पण तिचा पैसा वृत्तपत्रांकडूनच येतो, आणि मला ती व्यवस्था पुरेशी वाटत नाही. तरी संपादकांची जी आचारसंहिता ती वापरते, तिचे एक-एक कलम वाच. दुरुस्तीला योग्य ठळकपणा हवा, हे पहिल्याच कलमात आहे. माझ्या त्या चार ओळी आठवल्या की ते कलम मला किती उशिरा समजले ते कळते. भेदभावाचे कलमही व्यक्तीचे रक्षण करते, समूहाचे नाही. म्हणजे तुझ्या बातमीतल्या गल्लीत राहणाऱ्या सगळ्या निर्वासितांविषयी कोणी काही वाईट लिहिले, तर तेही त्यातून निसटेल.

हे वाचून तू घाबरून लेखणी आखडती घेशील, अशी मला दुसरी काळजी आहे. 2008 मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीचे मणके हाताने दाबून करायच्या, उपचारांविषयी 'गार्डियन'मध्ये लेख लिहिला. ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टर संघटनेने वृत्तपत्राला सोडून एकट्या सिंग यांच्यावर दावा लावला. पहिला निर्णय विरुद्ध गेला, तरी ते हटले नाहीत. 2010 मध्ये अपील न्यायालयाने तो लेख म्हणजे मत आहे असे म्हटले आणि संघटनेने दावा मागे घेतला. 2013 चा कायदा होण्यामागे त्या प्रकरणातून उठलेल्या चळवळीचा मोठा हात होता. धनवान लोक धाक दाखवायला जे दावे लावतात, त्यांवर काहीसा लगाम घालण्याची तरतूद 2023 च्या एका कायद्याने केली, पण तो आर्थिक गुन्ह्यांशी संबंधित लेखनापुरताच. उद्या घरमालकाच्या वकिलाचे पत्र येईल. त्यावर ठळक अक्षरांत 'खासगी, प्रसिद्धीसाठी नाही' असे छापलेले असेल. ते घरी नेऊन रात्रभर उशाशी ठेवू नकोस. त्याच तासाला संपादकाच्या हाती दे, आणि त्यातला एखादा मुद्दा खरोखर बरोबर असेल तर मोकळेपणाने मान्य कर.

शेवटचे, त्या मुलाविषयी. मसुद्यात त्याचे नाव, वय, शाळा आणि अंथरुणावरचा फोटो आहे. आईने होकार दिला असे तू लिहितेस. घरमालकाकडे वकील आहे. या सात वर्षांच्या मुलाकडे फक्त तू आहेस. पंधरा वर्षांनी नोकरीसाठी त्याचे नाव कोणी शोधले, तर हीच बातमी वर येईल. आईला पुन्हा भेट, हा फोटो इंटरनेटवर कायम राहील हे तिच्या भाषेत समजावून सांग, आणि मग विचार. शाळेचे नाव तर आजच काढ. भिंतीचा फोटो पुरेसा बोलका आहे.

घरमालकाचे उत्तर आले की दुसरा मसुदा पाठव. रविवारी दुपारी मी मोकळा आहे.

तुझा,
काका